मावशींना वाचून दाखवलेलं प्रकरण

टेबलाच्या एका टोकाला करंज्यांचं सारण निवतं आहे आणि दुसऱ्या टोकाला कादंबरीचं एक प्रकरण पडलं आहे. वाडीतून येणाऱ्या वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यावर लाटणं ठेवलेलं. वसईतलं नंदाखाल, डिसेंबरातला शनिवार. आगमनकाळाचा तिसरा रविवार उद्या आहे. हॉलमधल्या हिरव्या चक्रात दोन जांभळ्या मेणबत्त्या अर्ध्या जळून झाल्या आहेत, उद्या गुलाबी पेटेल. माझी मैत्रीण पुऱ्या लाटते, मी सारण भरून कडेनं कातणं फिरवते आणि तिची सासू, लाल लुगड्याचा काष्टा घातलेली, तेलाशी बसली आहे. मैत्रीण शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. मी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि प्रत्येक कच्चा खर्डा आधी माझ्याकडे येतो. मी ख्रिस्ती नाही. तिला त्यासाठीच मी हवी असते.

"वाचलंस ना?" ती विचारते. मान वर नाही, हात थांबत नाही.

"वाचलं. ती फार लवकर परत येते."

‘ती’ म्हणजे कादंबरीतली बाई. केळीची आणि पानवेलीची वाडी एकटीनं सांभाळणारी विधवा. तिचा मुलगा बावखलात, वाडीतल्या तळ्यात, बुडतो आणि ती देवळात जायची थांबते. वसईत चर्चला देऊळच म्हणतात. या प्रकरणात नाताळची मध्यरात्रीची मिस्सा चालू आहे, आत सगळं गाव आहे आणि ही बाहेर पायरीवर बसली आहे. तिथवर मी श्वास रोखून वाचलं होतं. पण पुढच्या दोन पानांत आतून गाणं येतं, तिला रडू फुटतं आणि ती उठून आत जाते.

"आमच्या लोकांना ते आवडेल," मैत्रीण म्हणते.

"त्यांना आवडेलच. तुला आवडतं का?"

ती उत्तर देत नाही. पुढची पुरी लाटायला घेते.

तिच्यावर दोन्ही बाजूंनी ताण असतो आणि तो मी वर्षानुवर्षं पाहते आहे. पुण्यातल्या एका संपादकांनी मागच्या कादंबरीच्या वेळी कळवलं होतं, प्रार्थनेचे प्रसंग कमी करा, सर्वसाधारण वाचकाला जड जातात. इकडे धर्मग्रामातली माणसं मिस्सेनंतर हात धरून विचारतात, शेवटी सगळे देवाकडे वळतात ना? संपादकांचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. वारी करणाऱ्या माणसाची कादंबरी अभंगाशिवाय लिही असं कुणी सांगणार नाही. या घरात रोज संध्याकाळी रोझरी होते. ती वगळून इथल्या बाईची गोष्ट सांगायची तर तिचं अर्धं घरच पाडावं लागेल. मात्र देवळातल्या माणसांचं म्हणणं खोडून काढणं मला जड जातं, कारण ते प्रेमानं बोलतात.

मैत्रिणीचा मुलगा ओट्यावर नाताळचा गोठा बांधतो आहे. बांबूच्या कामट्या, भाताचा पेंढा आणि परातीत पेरलेली नाचणी. तिचे कोंब बोटभर उंच झाले आहेत, हिरवेगार. मेंढरं चरतात ते कुरण त्याचंच होणार. मुलगी आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करते आणि दर थोड्या वेळानं येऊन एक करंजी उचलते. या घरात लिहायला वेळ कधी मिळतो, हे मला ठाऊक आहे: पहाटे, सगळं घर झोपेत असताना, सकाळच्या मिस्सेची घंटा होईपर्यंत. नंतर पाणी, डबे, शाळा. शेल्फवर फ्लॅनरी ओ'कॉनरच्या कथा आहेत. अमेरिकेच्या जॉर्जियात आईबरोबर शेतावर राहणारी ही कॅथलिक लेखिका सकाळी दोन-तीन तास नेमानं लिहायची, आणि आजारानं एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. तिचं पुस्तक हातात घेऊन मैत्रीण कधीतरी म्हणाली होती, "तिला दोन-तीन तास मिळायचे गं."

आता ती लाटणं खाली ठेवते.

"बाबा पदमनजींचं बघ," ती म्हणते. "मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’चं नाव घेतात. १८५७ सालची. ते स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले, नवा विश्वास, सांगायची घाई. विधवांचे हाल त्यांनी डोळ्यांनी बघून लिहिल्यासारखे लिहिले. पण यमुना शेवटी ख्रिस्ती होणार, पुन्हा लग्न करणार, हे त्यांना पहिल्या पानापासून माहीत होतं. मला माझ्या बाईचं माहीत नाही."

"मग माहीत नाही असंच लिही. लक्ष्मीबाईंनी काय केलं?"

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव काढलं की ती हसते. ‘स्मृतिचित्रे’ आम्ही दोघींनी एकाच जुन्या प्रतीतून वाचलं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. मधल्या काळातला राग, सोवळं, माहेरच्यांचे बोल, नवऱ्याची ओढ, यातलं काहीही त्यांनी झाकलं नाही. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं करणारी बाईही हीच. तिचा विश्वास वाचकाला खरा वाटतो, कारण तिनं आपला नकारही तितक्याच खरेपणानं लिहिला आहे.

"ते आत्मचरित्र होतं," मैत्रीण म्हणते. "स्वतःचं दुःख होतं तिचं. हे माझं नाही."

आणि इथे सासूबाई झाऱ्यातल्या करंज्या ताटात काढून प्रथमच आमच्याकडे वळतात. "आज ती येणारच आहे रोझरीला," त्या म्हणतात. "विचार तिला. न विचारता छापू नकोस, बाय."

‘ती’ म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. तिचा मुलगा असाच गेला होता, घरामागच्या बावखलात, पावसाळ्यात. ते बावखल पुढे बुजवलं गेलं, आता तिथे चार मजली इमारत उभी आहे. मैत्रिणीनं वाडी बदलली, नाव बदललं, नवरा आधीच मारला. तरी नात्यातलं कुणीही वाचलं तर पहिल्या पानाला ओळखेल. दिरानं तसं बोलूनही दाखवलं आहे. तिचा नवरा तेवढा ठाम बोलत नाही. पण गेले काही दिवस तो या प्रकरणाविषयी गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्यानं तिची झोप उडाली आहे.

साडेसात वाजता तो वसई रोडहून येतो, हातपाय धुतो, शर्ट बदलतो. मावशी येतात. बारीक चणीच्या, दोन्ही हात मागे बांधून चालणाऱ्या. सगळे आल्तारसमोर बसतात. मीही बसते, मागे, भिंतीला टेकून. शनिवार म्हणून आनंदाची रहस्यं. एकेक जण एकेक दशक सांगतो, दहा ‘नमो मरिया’, बाकीचे उत्तर देतात. दुसरं रहस्य मुलाकडे येतं, मरियेनं एलिझाबेथची भेट घेतली ते. तो घाईघाईनं म्हणतो, आजी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते, तो सावकाश होतो. शेवटच्या रहस्यात बारा वर्षांचा येशू हरवतो आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. ते दशक मावशींकडे येतं. त्यांचा आवाज कुठेही अडखळत नाही. मी मात्र मान खाली घालते.

जेवणं होतात. मग मैत्रीण पानं घेऊन मावशींच्या शेजारी जमिनीवर बसते.

"मावशी, मी एक लिहिलंय. तुम्ही ऐका. नको वाटलं तर सांगा, मी फाडून टाकेन."

ती वाचते. वाचताना नवऱ्याकडे बघत नाही. सासूबाई दाराच्या चौकटीत उभ्या आहेत, पदर तोंडाशी. मुलगा बुडतो ते पान ती वाचते तेव्हा मावशी डोळे मिटून घेतात. हात जपमाळेवर आहेत, मणी मात्र सरकत नाहीत. पायरीवर बसलेल्या बाईपाशी त्या डोळे उघडतात.

"बसले नव्हते मी," मावशी म्हणतात. "कमानीपाशी उभी होते. चपला हातात होत्या."

"चपला का?"

"काढल्या होत्या आत जायला. मग गेलेच नाही. हातातच राहिल्या."

मैत्रीण समासात लिहून घेते. तिची पेन्सिल थरथरते आहे. पुढची दोन पानं ती वाचते, गाणं, रडू, आत जाणं. मावशी ऐकून घेतात. सासूबाई दारातूनच विचारतात, "शेवटी जाते ना ती देवळात?"

"मी गेले," मावशी बहिणीला सांगतात. "पण नाताळला नाही. नाताळला सगळे बघत असतात. खूप पुढे गेले, एका मंगळवारी, सकाळच्या मिस्सेला. मागच्या बाकावर बसले आणि आले. देवाला एवढंच म्हटलं, मी आलेय, पण मी रागावलेली आहे."

कुणी बोलत नाही. नवरा उठतो, मावशींना पाणी आणून देतो आणि बायकोला म्हणतो, "मंगळवारच लिही." या प्रकरणावरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"छापू ना, मावशी?"

"छाप. मुलाचं नाव माझ्या मुलाचं ठेवू नकोस. शर्ट पिवळा लिहिलायस, तो राहू दे."

रात्री मला स्टेशनला सोडायला मैत्रीण रिक्षात शेजारी बसते. रस्त्यावर जागोजागी कागदी चांदण्या लागल्या आहेत. ती सांगते, शेवटची दोन पानं काढते. तिथे मंगळवार येईल, बाकी काही घडणार नाही. धर्मग्रामातली माणसं कदाचित नाराज होतील, पुण्याच्या संपादकांना प्रार्थना पुन्हा जास्त वाटेल. मला ते दोन्ही सोसण्यासारखं वाटतं. ज्या बाईचं दुःख होतं तिनं ऐकून परवानगी दिली आहे, वर दुरुस्तीही केली आहे. यापेक्षा मोठं परीक्षण या कादंबरीचं होणार नाही.

वसईनं मराठीला कमी दिलेलं नाही. ‘सुवार्ता’सारखं मासिक इथून निघत आलं आहे. त्याचे दीर्घकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तरीही इथल्या कादंबऱ्या वाचनालयांत वेगळ्या कप्प्यात लागतात, ‘ख्रिस्ती साहित्य’ अशा चिठ्ठीखाली, आणि तो कप्पा बहुतेक वाचक ओलांडून जातात. माझी विनंती साधी आहे: आपल्या वाचनालयात ही पुस्तकं मराठी कादंबऱ्यांच्या रांगेत लावायला सांगा, आणि त्यातलं एक यंदाच्या नाताळच्या सुट्टीत घरी न्या.