बफिंगने गाडी चमकते, पण रंगाचं काय होतं? मशीन पॉलिश शिकण्याआधी हे वाचा

गाडी धुऊन उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात. सावलीत गेलं की त्या गायब. यांना 'स्वर्ल मार्क्स' म्हणतात. खरं तर या रेषा सगळ्या दिशांना गेलेल्या असतात, फक्त प्रकाशाच्या ठिपक्याभोवती त्या गोल भासतात. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसली जाते, तेव्हा धुळीचे कण रंगावर घासले जाऊन त्या पडतात.

दसरा-दिवाळी जवळ आली की गॅरेजमधून सल्ला मिळतो, "रबिंग-पॉलिश करून घ्या, गाडी नव्यासारखी होईल." आता बफिंग मशीन ऑनलाइन मिळत असल्याने अनेक जण घरीच प्रयोग करतात. हे काम शिकता येतं. पण त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: बफिंगमध्ये गाडीवर काही चढत नाही, गाडीवरचा रंग कमी होतो.

रंग असतो तरी किती?

नाशिकला गाड्यांचा रंग नवा नाही. 2002 मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्राच्या कारखान्यात तयार होऊ लागली. कार कारखान्यात साधारणपणे आधी गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक दिसते ती या क्लिअर कोटची. खालच्या रंगाचं उन्हापासून रक्षणही तोच करतो.

हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण 100 ते 150 मायक्रॉन. प्रिंटरचा साधा कागद जवळपास 100 मायक्रॉनचा असतो. त्यात क्लिअर कोट फक्त 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या अर्ध्या जाडीइतका.

चरा म्हणजे या थरात पडलेली बारीक चर. पॉलिश करताना चर भरत नाही, तिच्या आजूबाजूचा पृष्ठभाग घासून तिच्या तळापर्यंत खाली आणला जातो. हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, कडक कटिंग कंपाउंडने त्याहून बरेच जास्त. समजा 40 मायक्रॉनच्या थरातून दर दिवाळीला चार मायक्रॉन गेले, तर पाच वर्षांत अर्धा थर संपला. क्लिअर कोट पूर्ण घासला गेला तर तिथे निस्तेज डाग पडतो आणि तो पॉलिशने जात नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

कोणतं मशीन घ्यायचं?

रोटरी मशीनमध्ये पॅड एकाच अक्षावर गोल फिरतो. काम झपाट्याने होतं, पण एका जागी उष्णता साठते आणि हात नवखा असेल तर रंग जळतो किंवा उन्हात 'होलोग्राम'सारखे पट्टे दिसतात. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतोही. जोर जास्त पडला तर त्याचं फिरणं मंदावतं. शिकणाऱ्यासाठी हेच सुरक्षित.

फरशी किंवा लोखंड कापायच्या ग्राइंडरला पॅड लावायचा जुगाड मात्र करू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. रोटरी पॉलिशर चालवायचा वेग साधारण 1,000 ते 1,500 च्या आसपास असतो.

हात कसा बसवायचा?

पहिला प्रयोग स्वतःच्या गाडीवर नको. भंगारातलं एखादं जुनं बॉनेट आणा आणि त्यावर सराव करा. पुढचा क्रम असा:

1. गाडी नीट धुवा. हात फिरवल्यावर खरखर लागली तर क्ले बारने अडकलेले कण काढा. कण राहिले तर पॅड तेच कण रंगावर घासत राहील.

2. काम सावलीत, पत्रा थंड असताना करा. दरवाजांच्या कडा, बॉडीवरच्या धारदार रेषा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग पातळ असतो आणि तिथेच तो आधी जातो.

3. छोट्या जागेवर चाचणी घ्या. सुरुवात मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने. त्याने भागलं नाही तरच पुढे कडक पॅड किंवा कंपाउंड.

4. एका वेळी साधारण दीड फूट बाय दीड फूट जागा घ्या. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन रंगावर टेकवूनच सुरू करा, नाहीतर पॉलिश अंगभर उडेल.

5. आधी आडवे, मग उभे पट्टे मारा. पॅड सपाट ठेवा आणि हात सेकंदाला एक-दोन इंच इतकाच सरकू द्या. मशीनच्या चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसत नसेल तर चकती थांबली आहे, म्हणजे जोर जास्त होतोय.

6. मायक्रोफायबरने पुसून मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. पॉलिशमधलं तेल चरे तात्पुरते लपवतं, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसलं की खरं चित्र दिसतं.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावायला विसरू नका. गॉगल आणि मास्क वापरा, वायर खांद्यावरून मागे टाका.

कधी थांबायचं?

चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे. तो पूर्ण घालवायच्या नादात क्लिअर कोट गमावण्यापेक्षा त्याच्या कडा थोड्या मऊ करून सोडून देणं परवडतं. मॅट फिनिशच्या गाडीवर मशीन लावूच नका, तिथे चकाकणारा डाग पडतो.

पुन्हा रंगवलेल्या भागाबाबतही सावध राहा. कारखान्यात रंग साधारण 140 अंशांना भाजला जातो. गॅरेजमध्ये गाडीत प्लॅस्टिक आणि वायरिंग असल्याने तापमान 60 अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. त्यामुळे तो रंग वेगळा वागू शकतो. पेंट थिकनेस गेज पत्र्यावर टेकवला की जाडी कळते. बाकी गाडी 120 मायक्रॉन दाखवत असेल आणि एकच दरवाजा 300, तर तो पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. जुनी गाडी घेतानाही हे यंत्र उपयोगी पडतं.

बाहेरून काम करून घेणार असाल तर तीन प्रश्न विचारा. मशीन रोटरी की ड्युअल अ‍ॅक्शन? आधी चाचणी घेणार का? रंगाची जाडी मोजणार का? उत्तरं टाळली जात असतील, तर गाडी तिथे सोडू नका.

आणि दर वर्षी बफिंगची गरज पडू नये, असं वाटत असेल तर सकाळचं ते कोरडं फडकं आधी बाजूला ठेवा. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका. त्याचे पांढरे डागही शेवटी पॉलिशनेच काढावे लागतात.