हलक्या क्रीडा-मोटारीच्या स्टिअरिंगमधील ‘प्ले’ : स्वरूप व निदान

प्रस्तावना :

मोटारीचे स्टिअरिंग चक्र किंचित फिरविले असता पुढील चाके लगेच न वळता काही अंतरापर्यंत स्थिरच राहतात. वाया जाणाऱ्या या फिरण्यास गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ असे म्हणतात. कोणत्याही वाहनात तो थोडाफार असतोच; कारण जेथे दोन भाग एकमेकांत हलतात तेथे त्यांच्यामध्ये सूक्ष्म मोकळीक ठेवावीच लागते. प्रश्न निर्माण होतो तो ही मोकळीक झिजेमुळे वाढते तेव्हा; आणि त्याहून अवघड प्रश्न असतो, ती नेमकी कोठे वाढली हे ओळखण्याचा.

भंडारा जिल्ह्याला मोटार-उद्योग अपरिचित नाही. गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे, तर वरठी येथील सनफ्लॅग कारखान्यात वाहन-उद्योगास लागणारे मिश्र पोलाद तयार होते. हे उद्योग प्रामुख्याने अवजड वाहनांशी किंवा कच्च्या मालाशी निगडित आहेत. क्रीडा-मोटार हा विषय येथे दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या कायेची, ११४९ घन सेंटिमीटर क्षमतेचे रेनो इंजिन बसविलेली दोन आसनी उघडी मोटार तयार होऊ लागली होती. २०११ पासून ‘सुप्रा एसएई इंडिया’ या स्पर्धेसाठी देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतःच्या कार्यशाळेत एक आसनी हलकी मोटार बांधू लागले. ज्या गाडीत आपलाच विद्यार्थी चालक म्हणून बसणार आहे, तिच्या स्टिअरिंगची तपासणी हा मार्गदर्शक प्राध्यापकासाठी केवळ सैद्धांतिक विषय राहत नाही.

मर्यादेचे आकडे आणि त्यांचा अर्थ :

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंग चक्रावर मोजलेला प्ले ३० अंशांहून अधिक असता कामा नये. ३६० मिलिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर हे अंतर सुमारे ९४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभराचा निम्मा भाग भरते. ही मर्यादा बस व मालमोटारींसह सर्व वाहनांना सामावून घेणारी असल्याने ती उदार आहे. ब्रिटनमधील वार्षिक वाहन-तपासणीत रॅक-पिनियन पद्धतीच्या स्टिअरिंगला ३८० मिलिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर साधारणतः १३ मिलिमीटर इतकीच सूट आहे. म्हणजे जेमतेम ४ अंश. विद्यार्थ्यांच्या मोटारींसाठी ‘फॉर्म्युला एसएई’च्या नियमावलीत एकूण ७ अंशांची मर्यादा घातलेली आढळते. भारतीय नियमाची कसोटी उत्तीर्ण झालेली हलकी गाडी सुरक्षित आहेच, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

हलक्या गाडीत अल्पसा प्लेही का जाणवतो? अशा गाडीच्या पुढील चाकांवर भार कमी असल्याने स्टिअरिंगला बहुधा यांत्रिक वा विद्युत साहाय्य दिलेले नसते, आणि रस्त्याची प्रत्येक हालचाल थेट हातापर्यंत पोचते. एक उदाहरण पाहू. चक्राच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४४ मिलिमीटर सरकतो असे मानल्यास टाय रॉडच्या एका सांध्यातील अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई चक्रावर ४ अंशांच्या रूपाने प्रकट होते. ३६० मिलिमीटरच्या चक्राच्या कडेवर हेच अंतर १३ मिलिमीटरच्या आसपास जाते. नखाच्या जाडीएवढी झीज आणि एका बोटाच्या रुंदीहून थोडे कमी निष्फळ फिरणे, असे हे प्रमाण आहे.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. स्पर्धेच्या गाडीत रॅक मुद्दाम ‘जलद’ ठेवतात. समजा, तो एका फेऱ्यात ८८ मिलिमीटर सरकतो. मग सांध्यातील त्याच अर्ध्या मिलिमीटरचे चक्रावर केवळ २ अंश दिसतील. पहिल्या गाडीत ७ अंश म्हणजे रॅकवरील ०.८६ मिलिमीटर, दुसरीत तेच ७ अंश म्हणजे १.७ मिलिमीटर. अंशांचा आकडा समान असूनही चाकाजवळची ढिलाई दुप्पट! जलद रॅकच्या गाडीत चक्रावरील मोजमाप समाधानकारक आले म्हणून थांबणे योग्य नव्हे. सांधे स्वतंत्रपणे हाताळून पाहिलेच पाहिजेत.

निदानाची पद्धती :

प्ले हा एका भागाचा दोष नसून एका साखळीतील सर्व मोकळिकींची बेरीज असतो. चक्र, कॉलमचे बुश, युनिव्हर्सल जॉइंट, पिनियन व रॅक, रॅकच्या टोकांचे आतील बॉल जॉइंट, टाय रॉड, त्याचे बाहेरील एन्ड, चाकाचे नकल व बेअरिंग, आणि रॅक ज्या आधारांवर चॅसीला जखडलेला असतो ते आधार, ही ती साखळी होय. निदान म्हणजे ही साखळी योग्य ठिकाणी तोडून पाहणे.

पहिली तपासणी चाके जमिनीवर असतानाच करावी. जॅकवर उचललेले चाक मोकळे असल्याने सांध्याबरोबर सहज फिरते, आणि भाराखाली उघड होणारी ढिलाई लपून राहते. एकाने आत बसून चक्र दोन्ही बाजूंस अगदी थोडे हलवावे व दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर क्रमाने हात ठेवावा. डोळ्यांपेक्षा बोटे येथे अधिक विश्वासार्ह ठरतात. चक्र फिरते पण पिनियनचा दांडा फिरत नाही, तर दोष कॉलममध्ये. पिनियन फिरतो, रॅक सरकत नाही, तर दातांमध्ये. रॅकची संपूर्ण पेटीच इकडेतिकडे सरकत असेल तर आधारांचे रबर किंवा त्यांचे बोल्ट सैल आहेत. हा शेवटचा दोष विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांत विशेष संभवतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ८.४ मिलिमीटरचे छिद्र पाडले, तर बोल्ट घट्ट आवळलेला असेपर्यंत काही बिघडत नाही. परंतु तो किंचित सैल होताच त्या एका ठिकाणीच ४४ मिलिमीटरच्या रॅकवर ३ अंशांहून अधिक प्ले निर्माण होतो.

त्यानंतर दोन्ही पुढील चाके उचलावीत. एका चाकाला घड्याळातील ३ व ९ च्या ठिकाणी धरून हलवावे आणि दुसऱ्या चाकाकडे पाहावे. हातातील चाक हलते पण समोरचे हलत नाही, तर ढिलाई दोन चाकांना जोडणाऱ्या सांध्यांत आहे. दोन्ही चाके एकत्र हलतात, परंतु साहाय्यकाने घट्ट धरलेले चक्र स्थिर राहते, तर ती रॅक-पिनियन किंवा कॉलममध्ये आहे. मग तेच चाक १२ व ६ च्या ठिकाणी धरावे. तेथेही ढिलाई लागल्यास बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट यांवर संशय घ्यावा. या दोहोंतील भेद साध्या युक्तीने कळतो. कोणाला तरी ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेकमुळे हब नकलला जखडला जातो. अशा वेळी ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगची होती, कायम राहिली तर बॉल जॉइंटची.

रॅकच्या नटाचा मोह :

रॅकच्या पाठीमागे स्प्रिंगच्या दाबाने तो पिनियनवर टेकवून धरणारा एक ठोकळा असतो आणि बाहेरील नट आवळून हा दाब वाढविता येतो. स्टिअरिंग ढिले वाटताच प्रथम हाच नट आवळण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ती चुकीची व प्रसंगी घातक आहे. गाडी बहुतेक काळ सरळ धावत असल्याने रॅकचे मधले दात सर्वाधिक झिजतात, टोकांकडील जवळजवळ नवेच राहतात. मध्यावरील ढिलाई संपेपर्यंत नट आवळला तर चक्र पूर्ण वळविल्यावर तेथील न झिजलेले दात पिनियनमध्ये अडकू लागतात. वळणानंतर चक्र आपोआप सरळ होत नाही, आणि हलक्या गाडीत त्याला परत आणणारे बळ मुळातच कमी असते. यास्तव नटाला हात लावण्यापूर्वी प्ले सरळ स्थितीत व अर्ध्या वळणावर असा दोनदा मोजावा. केवळ मध्यावर अधिक असेल तर दात झिजलेले आहेत. दोन्हीकडे सारखाच असेल तर दोष अन्यत्र शोधावा. नट फिरविलाच तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चक्र सहज फिरते याची खात्री केल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पाऊस, चिखल व रबरी टोपी :

रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्यातील रस्त्यांवर बांधीतून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरांचा चिखल पसरतो. जमिनीलगत धावणाऱ्या गाडीच्या टाय रॉडवर तो थेट उडतो. सांध्यावरील रबरी टोपी फाटलेली असेल तर पाणी व बारीक माती आत शिरून ग्रीस बाहेर पडते, आणि कितीही कठीण पोलादाचा गोळा असला तरी पुढे त्याची झीज वेगाने होते. वर उल्लेखिलेल्या नियम ९८ मध्येच बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात असे सांगितले आहे. ३० अंशांच्या आकड्यापेक्षा नियमाचा हा भाग तपासनीसाला अधिक उपयोगी आहे, कारण फाटलेली टोपी प्ले उत्पन्न होण्यापूर्वीच दिसते. स्पर्धेच्या गाड्यांत वापरले जाणारे धातूवर धातू घासणारे रॉड एन्ड तर बहुधा टोपीविनाच बसविलेले असतात. ते प्रत्येक धावेनंतर पुसून, हाताने हलवून पाहावे लागतात.

कधी कधी वरील सर्व तपासण्या निर्दोष ठरूनही गाडी वेगात भरकटते. नागपूर–रायपूर महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर, आजच्या क्रमांकानुसार राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, हे प्रकर्षाने जाणवू शकते. अशा वेळी दोष स्टिअरिंगच्या साखळीत नसून टायरमधील हवेचा दाब, चाकांची जुळणी अथवा मागील सस्पेन्शनचे झिजलेले बुश यांत शोधावा लागतो. मागील चाकाने दिशा किंचित बदलली तरी चालकाच्या हाताला ती पुढच्या चाकांची ढिलाईच भासते. म्हणूनच पुढचे सांधे बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी मागील चाकेही उचलून, याच रीतीने हलवून पाहावीत.