चार दिवस जगलेला मासा

बेंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका आज उपनगर म्हणून ओळखले जाते. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. १५३७ मध्ये बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा हे येलहंका नाडाचे प्रभू होते. शहर येथून निघाले. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे मराठी वाचक जाणतो. या साऱ्या राजवटींना एकच अडचण पुरून उरली, ती म्हणजे या पठारावर बारमाही नदी नाही. म्हणून तलाव बांधले गेले, आणि तेही सुटे नव्हेत, तर साखळीने. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात उतरावे, अशी ती रचना होती. येलहंक्याचे पाणी आजही जक्कूरकडे, जक्कूरचे राचेनहळ्ळीकडे आणि अखेरीस दक्षिण पिनाकिनीकडे जाते. या रचनेत बांध आणि सांडवे अजून आहेत. बदलले आहे ते पाणी.

निवृत्तीनंतर मी येथे राहतो आणि जक्कूर तलावावर अनेकदा जातो. तेथे मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र आहे, त्यातून निघालेले पाणी पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून तलावात येते, आणि तलावात मासेमारी चालते. देशभरातील नगरनियोजक हा तलाव पाहायला येतात, ते योग्यच आहे. वाईट तलावाचे उदाहरण देऊन धोक्याची घंटा वाजवणे सोपे असते. मला प्रश्न पडतो तो अशा चांगल्या तलावापाशी. मासा घेणारा गिऱ्हाईक कल्ला उचलून पाहतो. कल्ला लालभडक असेल तर मासा ताजा. पाण्यातील शिसे, कॅडमियम, तांबे किंवा क्रोमियम प्रथम गाठते ते याच कल्ल्याला, आणि त्याचा रंग याबाबत गिऱ्हाइकाला काहीही सांगत नाही.

कल्ला हे केवळ श्वासाचे इंद्रिय नव्हे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात क्षार अधिक आणि भोवतालच्या पाण्यात कमी, त्यामुळे त्याच्या शरीरातून क्षार सतत बाहेर झिरपत असतात. ते भरून काढण्यासाठी कल्ल्यांतील पेशी पाण्यातून सोडियम आणि कॅल्शियम ओढून घेतात. तांबे सोडियमची वाट अडवते. कॅडमियम आणि शिसे कॅल्शियमच्या दारातून आत शिरतात. जस्त आणि तांबे माशाला अल्प प्रमाणात हवेच असतात, मर्यादा ओलांडली की तेच विष ठरतात. पाणी मृदू असेल तर हा मारा अधिक तीव्र होतो, कारण कठीण पाण्यातील कॅल्शियम त्या दारांवर धातूंशी स्पर्धा करते. म्हणजे एकाच प्रमाणातील धातू दोन तलावांत दोन प्रकारे वागतो. एकच आकडा सर्व देशाला लावणाऱ्या नियमांना हे पेलत नाही.

मोठ्या मात्रेने मासा मरतो. अल्प मात्रेने तो जगतो, आणि खरी हानी तेथे होते. माशाचा कणा वाकतो, वाढ खुंटते, अंडी कमी होतात, पिले कमजोर निपजतात. तांब्याचा एक परिणाम मला विशेष अस्वस्थ करतो. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये दाखवून दिले की, जखमी माशाच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याच्या वासाने थव्यातील इतर मासे सावध होतात. तो प्रयोग ज्या लहानशा माशावर झाला, त्याच्याच कुळात आपले रोहू आणि कटला येतात. अमेरिकेत सामन माशांच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, लिटरभर पाण्यात तांब्याचे काही मायक्रोग्रॅम असले तरी ही वासाची शक्ती मंदावते. असा मासा धडधाकट दिसतो, पोहतो, खातो. फक्त शत्रू आल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता आपला कायदा काय पाहतो ते बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार वर्ग ठरवले आहेत. वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठीचा वर्ग ‘ड’. त्याचे निकष तीन : सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत. माशांसाठी ठरवलेल्या या वर्गात एकाही धातूचे नाव नाही.

धातूंचा उल्लेख येतो तो कारखान्यांच्या सांडपाण्याच्या मानकांत, म्हणजे १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या सहाव्या अनुसूचीत. तेथे नदी-तलावात सोडायच्या पाण्यात कॅडमियमची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हीच मर्यादा ०.००३ मिलिग्रॅम आहे. ट्राउटसारखे नाजूक मासे मृदू पाण्यात पहिल्या आकड्याच्या शंभराव्या हिश्शानेही चार दिवसांत बहुसंख्येने मरतात. ट्राउट येथे नाही, आपला कार्प कितीतरी चिवट आहे, हे मान्य. या मानकाचे समर्थन असे केले जाते की, सांडपाणी नदीत मिसळले की धातूंचे प्रमाण कितीतरी पटींनी घटते. पण त्यासाठी नदी हवी! ज्या पठारावर नदी नाही म्हणून पाचशे वर्षांपूर्वी तलाव खोदावे लागले, तेथे उन्हाळ्यात तलावात येणारे बरेचसे पाणी सांडपाणीच असते. ते कशात मिसळणार?

त्याच अनुसूचीत आणखी एक कसोटी आहे. कोणतेही पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात मासे सोडावेत आणि ९६ तासांनंतर त्यांपैकी ९० टक्के जिवंत असावेत. साक्षीदार म्हणून माशालाच उभे करणारी ही कल्पना मला मनापासून आवडते. मात्र त्याची साक्ष चार दिवसांत आटोपते. मासा तलावात महिनोन्महिने राहतो, आणि धातू घाईत नसतात.

मैलापाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन टाकतात. धातू हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, विघटित होत नाही. शुद्धीकरण केंद्रात त्याचा काही भाग गाळात उतरतो, काही पाण्याबरोबर पुढे जातो आणि तलावाच्या तळाशी बसतो. पूर्वी येथील शेतकरी उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढून शेतात पसरत. ते खत होते आणि तलावाची डागडुजीही. आज तोच गाळ इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यांचे, बॅटऱ्यांचे, रंगांचे आणि रस्त्यावरून वाहून आलेल्या धुळीचे दफ्तर झाला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दफ्तर उघडायला आवडते; हे मात्र आपोआपही उघडते. तळाचा प्राणवायू संपला किंवा पाणी आम्लधर्मी झाले की गाळात बांधलेले काही धातू पुन्हा पाण्यात उतरतात.

मार्च २०१६ मध्ये उल्सूर तलावात मासे मरून पृष्ठभागावर तरंगू लागले, तेव्हा मोठा गहजब झाला. कोल्हापूर-इचलकरंजीच्या वाचकाला पंचगंगेतील असे दृश्य परिचित आहे. अशा प्रसंगी बहुधा प्राणवायू संपलेला असतो. नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. प्राणवायू परतला की तलाव ‘सुधारला’ असे मानले जाते आणि जाळी पुन्हा पडतात.

सेवेत असताना तलावांतील मासेमारीच्या लिलावाच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. त्यांत भाडेपट्ट्याची रक्कम असे, किती मत्स्यबोटुकली सोडायची ते असे, मुदत असे. पाण्यात किंवा माशात काय आहे, यासाठी रकाना नसे. तलाव एका यंत्रणेचा, पाण्याची तपासणी दुसरीची, मासा तिसरीचा आणि ताटातला मासा चौथीचा. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत माशातील शिसे, कॅडमियम आणि पारा यांना मर्यादा आहेत. पण तलावाच्या बांधावर विकला गेलेला मासा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणार कसा?

येथे भयगंड पसरवणे मला अभिप्रेत नाही. पाऱ्याचा अपवाद सोडला तर बहुतेक धातू माशाच्या मांसापेक्षा यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत अधिक साठतात. त्यामुळे स्वच्छ केलेला तुकडा खाणाऱ्याला धोका कमी, आणि काहीही न टाकता लहान मासे अख्खे खाणाऱ्या गरिबाला अधिक. पाऱ्याचे काय होते ते जपानमधील मिनामाताने दाखवले : १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली आणि कारखान्यातील पारा हेच कारण आहे हे सरकारने मान्य करायला १९६८ उजाडले.

हेब्बाळ-नागवारा आणि कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यांतील शुद्ध केलेले सांडपाणी आता चिक्कबळ्ळापूर आणि कोलार जिल्ह्यांतील तलावांत सोडले जाते. कोरडे तलाव भरले, विहिरींना पाणी आले. दुष्काळी मुलखात याचे मोल मी जाणतो. हे पाणी द्वितीय स्तरापर्यंतच शुद्ध होते, यावरून वाद न्यायालयांपर्यंत गेला आणि काही काळ स्थगितीही आली. त्या तलावांतही मासे आहेत.

उपाय खर्चिक नाही. भाडेपट्टा देण्यापूर्वी आणि त्यानंतर दरवर्षी त्या तलावाचा गाळ आणि त्यातील मोठ्या माशाचे यकृत व मांस तपासावे, आणि निकाल कन्नडमध्ये बांधावर लावावा. वर्ग ‘ड’च्या तीन निकषांत पाण्याच्या कठीणपणानुसार धातूंच्या मर्यादा जोडाव्यात. तपासणीचा खर्च भाडेपट्ट्याच्या रकमेतून वळता करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, लिलावाच्या फायलीत एक रकाना वाढवावा लागतो.