पापणिक सुत्त आणि उद्योजकतेचे प्रशिक्षण

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात ‘पापणिक’ म्हणजे दुकानदार याविषयी दोन सुत्ते आहेत. त्यांपैकी दुसऱ्यात, अल्पावधीत संपन्न होणाऱ्या दुकानदाराची तीन अंगे सांगितली आहेत. तो ‘चक्खुमा’ असतो. माल केवढ्यास घेतला, केवढ्यास विकला म्हणजे मुद्दल किती व नफा किती, हे तो जाणतो. तो ‘विधुर’ असतो, म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल. (मराठीतील विधुराशी या अर्थाचा काही संबंध नाही!) आणि तो ‘निस्सयसंपन्न’ असतो, हा बायकामुले पोसून आपले पैसे वेळोवेळी परत करील, अशा खात्रीने धनिक गृहस्थ त्यास भांडवल देऊ करतात. ही उपमा मुळात भिक्खूच्या गुणांसाठी योजिली आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु तथागतांनी बाजाराचा व्यवहार किती बारकाईने पाहिला होता, हे तिच्यावरून दिसतेच.

१९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र किंवा बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जे शिकवितात, म्हणजे हिशेब, किंमत ठरविणे, बाजारपेठेची पाहणी, प्रकल्प अहवाल, ती यांतील पहिली दोन अंगे होत. नागपुरात त्यांची निकड उघड आहे. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटत असे. पगार गेल्यावर उरतो तो स्वतःचा लहानसा धंदा.

अडचण तिसऱ्या अंगाशी येते. घाऊक व्यापारी उधारीवर माल देतो तो ओळखीवर, आणि ज्यांच्या पूर्वजांच्या हातचे पाणीही विटाळ मानले गेले, त्यांना बाजारातली ओळख वारशाने मिळालेली नाही. प्रमाणपत्र हाती घेऊन तरुण बँकेत जातो आणि तारणाच्या प्रश्नाशी थांबतो. मग दोष त्याच्या ‘मानसिकते’ला दिला जातो. आमच्या मते हे निदान चुकीचे आहे.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजाने व्यापारात उत्साही असणाऱ्यांना ‘पाभत’, म्हणजे भांडवल, पुरवावे असे सांगितले आहे. केवळ उपदेश करावा असे नव्हे. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना याच जातीची. २०१६ मध्ये आलेल्या ‘स्टँड-अप इंडिया’चे कर्ज मात्र दहा लाखांपासून पुढे असे, शिवणयंत्र घेऊ पाहणाऱ्या भगिनीस त्याचा काय उपयोग होता?

शिवाय निस्सय केवळ पैशाचा नसतो. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या महिला खातेदारांना दोन दिवसांचे व्यवसाय-प्रशिक्षण देऊन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना एकटीने बोलाविले, काहींना मैत्रिणीसह. मैत्रिणीसह आलेल्यांनी धंद्यासाठी अधिक कर्ज घेतले, त्यांच्या घरचे उत्पन्नही वाढले. एकट्या आलेल्यांत असा फरक फारसा दिसला नाही. दीघजाणु सुत्तात गृहस्थाच्या ऐहिक हिताच्या चार संपदांत ‘कल्याणमित्तता’ का गणली आहे, याचे हे आधुनिक भाष्यच म्हणावे लागेल.

म्हणून विहारांतून असे वर्ग भरतील तेव्हा नावे जोडीने नोंदवावीत. वर्गाबरोबरच बचत गट सुरू करावा, त्याची वही दरमहा सर्वांसमक्ष वाचावी, आणि आपल्यातील जे उपासक आधीच व्यापारात स्थिरावले आहेत त्यांनी नवशिक्यास घाऊक बाजारात आपल्याबरोबर न्यावे.