बत्तीस अक्षरांची किल्ली

सकाळी 7. ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलला या वेळी बसायला जागा मिळते. डोंबिवली पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने एमआयडीसी फेज 2.

8:15. कारखान्याच्या गेटवर मोबाइल जमा. नियम ठिणगीच्या भीतीने केलेला, पण माझ्याही फायद्याचा. माझ्या कामातल्या बत्तीस अक्षरी किल्लीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा मोहच उरत नाही.

9:00. कंट्रोल रूम. तापमान आणि दाब कळवणारे इथले बिनतारी ट्रान्समीटर वायरलेसहार्ट या प्रोटोकॉलवर चालतात. प्रत्येक संदेशाला 128 बिटचं एईएस कुलूप असतं. कुलूप भक्कमच आहे. सांभाळायची ती किल्ली.

10:30. वर्क परमिटवर सही झाली आणि टाकीवर चढलो. नव्या ट्रान्समीटरचं झाकण काढून हँडहेल्डच्या दोन तारा लावल्या. आधी नेटवर्क आयडी, मग नेटवर्कमध्ये शिरायची किल्ली, म्हणजे जॉइन की: 0 ते 9 आणि ए ते एफमधली 32 अक्षरं. बरोबरचा मुलगा वाचतो, मी टाइप करतो. मग मी वाचतो आणि तो स्क्रीन बघतो. एकदा आत गेलेली किल्ली उपकरण परत दाखवत नाही, त्यामुळे पाठवण्याआधीच काय ते तपासायचं.

"सर, सगळ्यांना एकच की दिली असती तर जेवायच्या आत आटपलं असतं."

आटपलं असतं खरं. पण मग एक ट्रान्समीटर कोणी काढून नेला, तर अख्ख्या प्लांटच्या किल्ल्या बदला. प्रत्येकाची वेगळी असली की नेटवर्क सांभाळणाऱ्या गेटवेच्या यादीतून तेवढा एकच खोडायचा. शिवाय चोरलेल्या किल्लीने खोटा आकडा आला तर? 23 मे 2024 चा अमुदान केमिकल्स कारखान्यातला स्फोट याच फेज 2 मधला. इथे पडद्यावरचा तापमानाचा आकडा खराच असला पाहिजे. जेवण थांबेल.

2:30. सगळ्यांची सामायिक नेटवर्क की बदलली. गेटवे नवी किल्ली आणि ती लागू करायची वेळ, दोन्ही कळवतो. सगळे ट्रान्समीटर ती एकदम बदलतात. एखादा मागे राहिला तर आपली जॉइन की घेऊन पुन्हा आत येतो.

4:00. भंगार. मला सर्वांत जास्त काळजी याचीच. काढलेले ट्रान्समीटर तसेच सोडले तर किल्ली पोटात घेऊनच भंगारवाल्याकडे जातात. म्हणून आधी गेटवेवरून त्यांचा टॅग, म्हणजे नाव, काढायचा, मग बॅटरी लावून किल्लीच्या जागी सगळी शून्यं लिहायची. जो चालूच होत नाही, त्याचा बोर्ड हातोडीने फोडायचा. त्याशिवाय मी गेटपासवर सही करत नाही.

5:45. रजिस्टरमध्ये टॅग नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. किल्ली त्यात लिहायची नाही. ती सीलबंद पाकिटात, शिफ्ट इनचार्जच्या कपाटात. सील मोडावं लागलं तर कोणी आणि कशासाठी, ते पाकिटावरच लिहायचं.