गेमिंगसाठी पीसी की कन्सोल? दुकानात जाण्याआधी हा हिशोब करा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर ओळखीतली पोरं हमखास विचारतात, "दादा, बजेट पन्नास-साठ हजार आहे. पीसी घेऊ की पीएस ५?" मी उलट विचारतो, "कोणते गेम खेळणार? आणि घरात कॉम्प्युटर आहे का?" खरं उत्तर या दोन प्रश्नांत आहे.

कन्सोल स्वस्त का वाटतो?

पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. नंतर ती वाढली. त्या मॉडेलमध्ये ८ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ८२५ जीबीची एसएसडी होती. त्याच पैशात तेवढ्या ताकदीचा पीसी जुळवणं कठीण, कारण मोठा वाटा एकटं ग्राफिक्स कार्ड खातं. शिवाय बहुतेक पीएस ५ आतून जवळपास सारखेच असतात, त्यामुळे गेम त्याच हार्डवेअरला बेतून बनवतात. सेटिंगची भानगड नाही.

पण पुढचा खर्च बघा

पीएस ५ चा मोठा नवा गेम साधारण ५,००० रुपयांना पडतो. वर्षाला चार घेतले तर २०,००० झाले. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा पीएस प्लसचं सबस्क्रिप्शनही लागतं. पीसीवर ऑनलाइन खेळण्यासाठी असे वेगळे पैसे नाहीत आणि स्टीमवर वरचेवर सेल लागतात.

कन्सोलचा एक फायदा मात्र आहे: खेळून झालेली डिस्क विकता येते. स्टीमवर घेतलेला गेम विकता येत नाही. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क ड्राइव्हच नाही, म्हणजे तिथे ही बचत संपली.

मित्र कशावर खेळतात?

काउंटर स्ट्राइक २ फक्त पीसीवर आहे. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला, पण पीसीवाले आणि कन्सोलवाले एकत्र खेळू शकत नाहीत. ग्रुप पीसीवर असेल तर तुम्ही पीएस ५ घेऊन एकटे पडाल. याउलट, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक पीएस ५ वर नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि पीसीवर सप्टेंबर २०२४ मध्ये. गोष्टीवाले गेम आवडत असतील तर ही वाट बघायची तयारी आहे का?

आणि हो, कन्सोलला टीव्ही लागतो. घरात एकच टीव्ही असेल तर रात्री मालिकांच्या वेळी रिमोट कुणाच्या हातात असतो, ते तुम्हाला माहीत आहेच!

माझं मत

घरात चालू लॅपटॉप आहे, टीव्ही मोकळा मिळतो आणि वर्षाला दोन-तीनच गेम खेळता? तर डिस्कवाला कन्सोल घ्या.

कॉलेज, कोडिंग किंवा एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचाच आहे? मग पीसीची सगळी किंमत गेमिंगच्या खात्यावर टाकू नका. आत्ता ग्राफिक्स कार्डाशिवाय चांगला डेस्कटॉप जुळवा. फक्त एसएमपीएस पुढे कार्ड पेलेल असा दमदार घ्या आणि कॅबिनेटमध्ये जागा ठेवा. कार्ड वर्षभराने, स्वतःच्या पैशांतून बसवता येईल. आई-बाबांना पटवणंही सोपं जाईल.