मधुमेह आणि शेतकऱ्याचे पाय

मुक्ताईनगर, रावेर भागात केळीला पाणी देताना अनवाणी चिखलात उतरणे नेहमीचेच. मधुमेह असलेल्या शेतकरी बंधूंनी मात्र ही सवय सोडावी. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिल्यास बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू खराब होतात. पायाचे मज्जातंतू सर्वांत लांब, म्हणून पहिला फटका बोटांना व तळव्यांना बसतो. आधी मुंग्या येतात, आग होते, पुढे पाय बधिर होतो. मग तुरीचे धसकट रुतले किंवा वैशाखातल्या तापलेल्या मातीने फोड आला तरी समजत नाही. रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही, चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. दुखत नाही, हाच खरा धोका.

डोळ्याचा पडदा व मूत्रपिंडही असेच गुपचूप बिघडतात. म्हणून वर्षातून एकदा डोळे व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत.

‘आम्ही सडपातळ, कष्टाची माणसे, आम्हाला कुठली साखर?’ असे पुष्कळजण म्हणतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत अभ्यास केला. तेथील कमी वजनाच्या बाळांतही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आढळले. तेव्हा बारीक अंगकाठीवर विसंबू नये.

शेतात बंद बूट वापरावेत, घालण्यापूर्वी झटकावेत. रोज सायंकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळवे आरशात पाहावेत. कुरूप ब्लेडने कापू नये. बधिर पायाला गरम पाण्याचा शेकही देऊ नये.